भिडस्तांचा चित्रकार : चार्ल्स शुल्झ

प्रत्येक वर्गात एक-दोन विद्यार्थी असे असतात की, प्रश्नाचे उत्तर ठाऊक असूनही त्यांचा हात वर होत नाही. मधल्या सुट्टीत डबा घेऊन ते कोपरा शोधतात. आणि खेळासाठी गडी वाटून घेतले जात असता त्यांचे नाव अगदी शेवटी, बहुधा नाइलाजाने, पुकारले जाते. हजेरीपुस्तक सोडले तर शाळेच्या दप्तरात त्यांची नोंद फारशी आढळत नाही. अशाच एका मुलाचे चरित्र आमच्या विद्यार्थी वाचकांस व त्यांच्या पालकांस सादर करावे, असे आम्ही योजिले आहे. पुढे या मुलाची चित्रे पंचाहत्तर देशांतील वर्तमानपत्रांतून रोज छापली जाऊ लागली. त्याने काढलेला लांब कानांचा पांढरा कुत्रा आमच्या कित्येक विद्यार्थ्यांच्या दप्तरांवर विराजमान झालेला आम्ही पाहिला आहे. परंतु तो काढणारा हात कोणाचा, हे विचारले असता उत्तर क्वचितच मिळते.

चार्ल्स शुल्झ यांचा जन्म २६ नोव्हेंबर १९२२ रोजी अमेरिकेच्या मिनेसोटा राज्यातील मिनिआपोलिस शहरी झाला, व बालपण नदीपलीकडील सेंट पॉल या जोडशहरात गेले. वडील कार्ल हे मूळचे जर्मनीचे. त्यांचे केशकर्तनाचे दुकान होते. आई डेना ही नॉर्वेहून आलेल्या कुटुंबातील. दोघांचे शालेय शिक्षण बेताचेच होते. तथापि या घरात एक थोर व्यसन होते : दर रविवारी निरनिराळी वर्तमानपत्रे आणावयाची, आणि बापलेकांनी मिळून त्यांतील विनोदी चित्रकथा अथपासून इतिपर्यंत वाचून काढावयाच्या. मूल जन्मून दोन दिवस झाले नाहीत तोच एका मामाने त्याचे नाव ‘स्पार्की’ ठेविले होते. हे नाव त्या काळच्या एका गाजलेल्या चित्रमालिकेतील घोड्याचे. घरची माणसे त्यास जन्मभर याच नावाने हाक मारीत असत.

बालवर्गात असताना त्याने बर्फ उपसणाऱ्या मनुष्याचे एक चित्र काढिले, आणि त्या बर्फाशेजारी ताडाचे झाड उभे केले. बाईंनी ते चित्र पाहून हा मुलगा चित्रकार होणार, असे भाकीत केले. पुढील बारा वर्षांत ते भाकीत खरे मानावे असे दुसऱ्या कोणास फारसे वाटले नाही. प्राथमिक शाळेत हुशारीमुळे त्यास दोन वेळा अर्धे अर्धे वर्ष वर चढविण्यात आले. पालक व शिक्षक यांस यात कौतुक वाटते. मुलाचे काय होते ते मात्र मुलासच ठाऊक. हायस्कुलात गेल्यावर आपण वर्गात वयाने सर्वांहून लहान, अंगाने किरकोळ आणि बोलण्यात मागे आहोत, असे त्यास आढळून आले. काही विषयांत तो नापासही झाला. आपणाकडे कोणाचे लक्ष नाही, अशी त्याची समजूत होती, व ती बहुतांशी खरी होती. चौदा वर्षांचा असताना घरच्या स्पाइक नावाच्या कुत्र्याचे एक चित्र त्याने रिप्ले यांच्या अद्भुत गोष्टींच्या सुप्रसिद्ध सदराकडे धाडिले. हा कुत्रा टाचण्या, खिळे व दाढीची पाती गिळूनही खुशाल असे. १९३७ साली ते चित्र छापून आले. वर्गात त्यामुळे त्याची पत वाढली असे दिसत नाही.

यानंतरचा प्रसंग आम्हांस विशेष वाटतो. शाळेच्या शेवटच्या वर्षी, १९४० मध्ये, चित्रकलेच्या एका शिक्षिकेने त्यास उत्तेजन देऊन शाळेच्या वार्षिकासाठी शालेय जीवनातील प्रसंगांची चित्रे काढावयास सांगितले. मुलाने ती मन लावून काढिली व दिली. काही महिन्यांनी अंक हाती आला. त्याने पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत शोध केला. त्यात त्याचे एकही चित्र नव्हते. का नव्हते, हे कोणी सांगितले नाही आणि त्याने कोणास विचारलेही नाही. अशा मुलांचा हा स्वभावच असतो. पुढे कीर्ती व संपत्ती यांचा पूर आला, तरी हे शल्य त्यांच्या मनातून गेले नाही, व उतारवयातही ते ही हकीकत सांगत. आम्ही स्वतः एका वार्षिकासाठी लिहीत असल्यामुळे येथे लेखणी किंचित अडखळते. अंकाची पाने मोजकी व साहित्य पुष्कळ, त्यामुळे काही ना काही परत करावेच लागते. परंतु परत गेलेल्या कागदाची घडी कोणत्या वहीत जपून ठेविली जाते, हे संपादकास कळण्याचा मार्ग नसतो. सेंट पॉलच्या त्याच शाळेने सुमारे साठ वर्षांनंतर आपल्या कार्यालयात शुल्झ यांच्या स्नूपी या कुत्र्याचा पाच फूट उंचीचा पुतळा बसविला.

महाविद्यालयात जाण्याऐवजी स्पार्कीने मिनिआपोलिस येथील एका चित्रकला-विद्यालयाचा टपालाद्वारे शिकविला जाणारा अभ्यासक्रम घेतला. मंदीचे दिवस नुकतेच ओसरू लागलेले, आणि फी दीडशे डॉलरांहून अधिक; केस कापून मिळणाऱ्या पैशांतून कार्ल यांनी ती हप्त्याहप्त्याने भरली. विद्यालय नदीच्या पलीकडेच, तरी धडे टपालानेच जात व गुण टपालानेच येत. लहान मुलांची चित्रे काढण्याच्या भागात त्यास जेमतेम मध्यम श्रेणी मिळाली! पुढे ज्या मनुष्याने मुलांच्या चित्रांवाचून दुसरे जवळजवळ काहीच काढिले नाही, त्याच्या बाबतीत हे घडावे यावर आम्ही भाष्य करीत नाही.

१९४२ च्या अखेरीस त्यांस सैन्यात बोलावणे आले. त्या वेळी आई कर्करोगाने अंथरुणास खिळलेली होती. सुट्टीवर घरी आलेला मुलगा परत निघताना तिचा निरोप घेण्यास गेला, तेव्हा आता आपली भेट बहुधा होणार नाही, अशा अर्थाचे ती काही बोलली. लवकरच, १९४३ मध्ये, ती वारली. त्यापूर्वी कधी तरी तिने सांगून ठेविले होते की, पुन्हा कुत्रा पाळलाच तर त्याचे नाव ‘स्नूपी’ ठेवावे. तिच्या माहेरच्या भाषेत या नावाशी जुळणारा एक लाडिक शब्द आहे. आईविना परत आलेला हा तरुण यंत्रबंदुकीच्या एका तुकडीचा नायक होऊन १९४५ साली युरोपात गेला. शत्रूवर बंदूक रोखण्याचा प्रसंग एकदाच आला, आणि त्या वेळी तीत गोळ्या भरावयाचे राहून गेले होते. समोरच्या शिपायाने सुदैवाने हात वर केले. शुल्झ यांनी ही गोष्ट कधी लपविली नाही.

युद्धानंतर ते सेंट पॉलला, वडिलांच्या दुकानावरील घरात राहावयास परतले. एका कॅथॉलिक चित्रमासिकात ते दुसऱ्यांच्या चित्रांत अक्षरे भरून देत. शिवाय ज्या विद्यालयात टपालाने शिकले, तेथेच विद्यार्थ्यांचे धडे तपासण्याची नोकरी त्यांस मिळाली. येथील एका सहकाऱ्याचे नाव चार्ली ब्राऊन असे होते. याच कचेरीत तांबड्या केसांची एक तरुणी हिशेबखात्यात काम करीत असे. तिला त्यांनी मागणी घातली. पुष्कळ विचार करून तिने दुसऱ्या तरुणाशी विवाह केला. हे १९५० साल. या दरम्यान सेंट पॉलच्या वर्तमानपत्रात त्यांची मुलांवरील एक साप्ताहिक हास्यचित्रमाला चालू होती, व एका मोठ्या राष्ट्रीय साप्ताहिकाने त्यांची सतरा चित्रे विकत घेतली होती. मोबदला वाढवावा, निदान जागा चांगली द्यावी, अशी विनंती त्यांनी स्थानिक पत्राच्या संपादकांस केली. ती नाकारली गेली, आणि मालिका बंद झाली.

त्याच वर्षी चित्रांचे भेंडोळे घेऊन ते न्यूयॉर्कला युनायटेड फीचर सिंडिकेट या संस्थेकडे गेले. वेळेच्या इतके आधी पोहोचले की, कचेरीत स्वागतिकेवाचून कोणी नव्हते. भेंडोळे तिच्यापाशी ठेवून ते न्याहारीस गेले. परत येऊन पाहतात तो मंडळींनी ते उघडून, पाहून, पसंतही केले होते! आपल्या मालाची स्वमुखाने तारीफ करण्याची पाळी या लाजाळू मनुष्यावर आली नाही, हे बरेच झाले.

२ ऑक्टोबर १९५० रोजी सात वर्तमानपत्रांतून नवी मालिका सुरू झाली. पहिल्या महिन्याची मिळकत नव्वद डॉलर. तिचे ‘पीनट्स’, म्हणजे भुईमुगाचे दाणे, हे नाव संस्थेने परस्पर ठेविले. इंग्रजीत या शब्दास किरकोळ, क्षुल्लक असाही अर्थ असल्यामुळे शुल्झ यांस ते पन्नास वर्षे खटकत राहिले. मालिका खपावी म्हणून संस्थेने तिची चौकट फार लहान ठेविली होती : सारख्या मापाची चार घरे, जी संपादकाने आडवी, उभी किंवा चौकोनात, जशी जागा असेल तशी लावावी. एवढ्या जागेत नगरे, वाहने वा गर्दी मावणार नाही. मग शुल्झ यांनी सर्वच गाळले. एक भिंत, एक बाक, थोडे गवत, मोठ्या वाटोळ्या डोक्याची चार मुले. मोठी माणसे या जगात दिसतच नाहीत. परिणाम असा झाला की, भुवईची एक रेघ वाकली तरी ती घटना ठरू लागली.

या मालिकेचा नायक चार्ली ब्राऊन. त्याच्या सदऱ्यावर नागमोडी पट्टा आहे, आणि त्याच्या आयुष्यात विजय नाही. त्याचा पतंग दर वर्षी एकाच झाडात अडकतो, व ते झाड पतंग खाते अशी त्याची खात्री झालेली आहे. बेसबॉल या खेळात तो आपल्या संघाचा कप्तान व गोलंदाज. संघ सामन्यामागून सामने हरतो, आणि पाऊस पडू लागून सर्व गडी घरी गेले तरी तो मैदानावर उभाच असतो. फेब्रुवारीत प्रेमपत्रांच्या दिवशी तो आपली टपालपेटी उघडून पाहतो. ती रिकामी असते. शाळेत डबा खाताना तो एकटा बाकावर बसून दूरच्या तांबड्या केसांच्या एका चिमुरडीकडे पाहतो, आज तिच्याशी बोलावयाचेच असा निश्चय करतो, आणि तेवढ्यात घंटा होते. ही मुलगी १९६१ साली मालिकेत आली. वर्तमानपत्रातील या चित्रांत तिचा चेहरा शुल्झ यांनी कधीच दाखविला नाही. लूसी नावाची शेजारीण दर वर्षी चार्लीसाठी चेंडू धरून बसते, आणि तो धावत येऊन लाथ मारणार एवढ्यात काढून घेते. तो उताणा पडतो. पुढील वर्षी पुन्हा तिच्यावर विश्वास ठेवतो. याच लूसीने रस्त्याकडेला मानसोपचाराचे दुकान थाटले आहे. सल्ल्याची फी पाच सेंट, आणि सल्ला बहुतेक वेळा त्याहून कमी किमतीचा. तिचा भाऊ लायनस मोठा विचारवंत, पण हातातील मळके पांघरूण सुटले की त्याचा धीर सुटतो. श्रोडर हा खेळण्यातल्या पियानोवर बेथोव्हेन वाजवितो व इतर कशाकडे पाहत नाही. आणि स्नूपी : हा कुत्रा स्वतःच्या घराच्या छपरावर बसून आपण वैमानिक आहोत, कादंबरीकार आहोत असे समजतो. आमच्या मते उत्तरकाळात स्नूपीची ही स्वप्ने फार वाढली आणि चार्लीस जागा कमी राहिली; परंतु बालवाचक याविषयी आमच्याशी सहमत होणार नाहीत.

ही चित्रे मुलांची असली तरी त्यांतील काळज्या मुलांच्या नाहीत. मेजवानीचे बोलावणे आपणास आले नाही ते चुकून की मुद्दाम. आपण बोललो ते वाईट दिसले काय. रात्री झोप येत नसता अंधारात पडून आपले कोठे चुकले हे शोधीत राहणे, ही सर्व दुखणी वीस-पंचवीस वर्षांच्या तरुणांची, आणि त्यांतही मुखदुर्बळांची. १९५० नंतरच्या दशकात अमेरिकेतील महाविद्यालयांत या मालिकेचे वेड पसरले याचे आम्हांस नवल वाटत नाही. त्या पूर्वीचे बहुतेक विनोदी नायक धटिंगण किंवा खोडकर असत. मनात कुढणाऱ्या मनुष्यासही वर्तमानपत्रात रोज चार चौकोनांची जागा मिळावी, आणि त्याच्याकडे पाहून लोकांनी हसावे ते आपलाच आरसा पाहिल्यासारखे, हे नवीन होते. तरुणांच्या याच अवघडलेपणावर त्यांनी १९५६ पासून आपल्या ख्रिस्ती मंडळीच्या युवक-मासिकासाठी निराळी चित्रमालाही काढिली. तिच्यातील लुकडे, उंच मुलगे उपासनेच्या वेळी आपले हात कोठे ठेवावेत या विवंचनेत असतात.

मंडळीशी त्यांचा संबंध आईच्या मृत्यूनंतर दृढ झाला होता. बायबल त्यांनी अनेक वेळा वाचून काढिले होते, व कॅलिफोर्नियात राहावयास गेल्यावर तेथील एका मेथडिस्ट मंदिरात ते संडे-स्कूलचा मोठ्या माणसांचा वर्ग घेत. पुढे त्यांची मते बदलली आणि मंदिरात जाणेही कमी होत गेले. हे येथे सांगितलेच पाहिजे. तथापि १९६५ सालचा प्रसंग या सर्वांहून निराळा आहे. चार्ली ब्राऊनच्या नाताळावर दूरचित्रवाणीसाठी अर्ध्या तासाचे चलच्चित्र तयार होत होते. नाताळाच्या बाजारू थाटाला कंटाळून चार्ली या सणाचा अर्थ विचारतो. तेव्हा लायनसने रंगमंचावर येऊन लूककृत शुभवर्तमानाच्या दुसऱ्या अध्यायातील मेंढपाळांची कथा जशीच्या तशी सांगावी, असे शुल्झ यांनी लिहिले. दिग्दर्शक व निर्माते दोघेही स्नेही, दोघेही बिचकले. करमणुकीच्या कार्यक्रमात शास्त्रपाठ कोण ऐकणार? सभेत चार शब्द बोलताना ज्याचा जीव कासावीस होई, तो मनुष्य येथे हटला नाही. आपण हे केले नाही तर करणार कोण, एवढाच त्याचा मुद्दा होता. मध्ये मध्ये कृत्रिम हशा भरण्यासही त्याने नकार दिला. वाहिनीच्या अधिकाऱ्यांनी तयार चित्र पाहिले तेव्हा ते संथ व रुक्ष वाटून त्यांची निराशा झाली. परंतु वेळापत्रक ठरून गेले होते. ९ डिसेंबर १९६५ रोजी ते प्रक्षेपित झाले, आणि त्या वेळी दूरचित्रवाणी पाहत असलेल्या घरांपैकी जवळजवळ निम्म्या घरांत पाहिले गेले. ज्या ठिकाणी देवदूत मेंढपाळांची भीती घालवितो, त्याच क्षणी लायनसच्या हातातून ते मळके पांघरूण खाली पडते. त्याविषयी तो एक अक्षर बोलत नाही.

दुसरा प्रसंग १९६८ चा. मार्टिन ल्यूथर किंग यांच्या हत्येनंतर लॉस एंजेलिस येथील एका शिक्षिकेने शुल्झ यांस पत्र लिहून, या मुलांत एक कृष्णवर्णीय मूल असावे, अशी सूचना केली. शुल्झ यांस ती पटली. आपण वरून उपकार करीत आहोत असे कृष्णवर्णीय कुटुंबांस वाटू नये, एवढीच धास्ती होती. शिक्षिकेने अशा काही पालकांची मते मिळवून त्यांस कळविली. ३१ जुलै १९६८ रोजी समुद्रकाठी चार्लीचा हरवलेला चेंडू आणून देणारा फ्रँकलिन मालिकेत आला, आणि दोघे वाळूचा किल्ला बांधू लागले. पुढे तो इतर मुलांच्या शेजारी शाळेत बसलेला दिसला, तेव्हा दक्षिणेकडील एका संपादकाने हरकत घेतली. शुल्झ यांनी त्यास उत्तर पाठविले नाही. सिंडिकेटच्या प्रमुखांनीही बदल करण्याविषयी सुचविले, तेव्हा आहे तसे छापा, अन्यथा मी काम सोडतो, अशा आशयाचे त्यांनी शांतपणे सांगितले. आहे तसेच छापले गेले.

मान-सन्मानांची यादी आम्ही देत नाही. १९६९ च्या मे महिन्यात अपोलो १० या मोहिमेतील दोन यानांस चार्ली ब्राऊन व स्नूपी ही नावे देण्यात आली, एवढे सांगितले म्हणजे पुरे. स्वतः शुल्झ यांस मात्र प्रवासाचा धसका असे. घर सोडून परगावी मुक्काम करावयाचा म्हटले की त्यांचे मन उदास होई, कधी कधी भीतीने अंग गारठे. कॅलिफोर्नियातील सांता रोझा येथे त्यांनी स्वखर्चाने बर्फावर खेळण्याचे एक क्रीडागृह बांधिले. तेथील उपाहारगृहात सकाळची न्याहारी, मग जवळच्याच चित्रशाळेत काम, हा क्रम वर्षानुवर्षे चालला. पहिला विवाह १९७२ साली मोडला. पुढील वर्षी दुसरा झाला. त्यांच्या पात्रांच्या खेळण्यांचा, पेल्यांचा, विम्याच्या जाहिरातींचा जो बाजार मांडला गेला तो आम्हांस रुचत नाही. नाताळाच्या बाजारूपणावर रुसलेला मुलगा पुढे दर नाताळात दुकानांतून विकला जावा, हे विसंगत आहेच. परंतु चित्रांच्या बाबतीत त्यांनी मदतनीस कधी घेतला नाही. कल्पना, रेघ, अक्षर, शाई, सर्व स्वतःचे. १९८१ मध्ये हृदयावर शस्त्रक्रिया झाल्यानंतर हातास कंप सुटला. तेव्हापासूनच्या चित्रांत रेघ थरथरते. जाणकारांनी जुनी व नवी चित्रे शेजारी ठेवून पाहावीत. पन्नास वर्षांत त्यांनी एकदाच, १९९७ मध्ये, पाच आठवड्यांची रजा घेतली. अशा रीतीने १७,८९७ चित्रपट्ट्या तयार झाल्या.

नोव्हेंबर १९९९ मध्ये त्यांस अर्धांगाचा झटका आला, आणि आतड्यांत कर्करोग असल्याचेही आढळून आले. दृष्टी अंधुक झाली, शब्द आठवेनात. डिसेंबरात त्यांनी निवृत्ती जाहीर केली. निरोपाच्या पत्राखाली सही करीत असता त्यांच्या ध्यानी आले की, त्या बिचाऱ्या मुलास चेंडूला लाथ मारण्याची संधी आता कधीच मिळणार नाही. आणि त्यांचे डोळे भरून आले. एकदा तरी त्यास चेंडू मारू द्यावयाचा होता, असे पुष्कळ वाचकांचे म्हणणे होते. आम्हांस ते पटत नाही. चार्लीने चेंडू मारला असता, तर ज्यांचा चेंडू आजही रोज हुकतो ते पुन्हा एकटे पडले असते.

रोजची शेवटची पट्टी ३ जानेवारी २००० रोजी छापली गेली. रविवारची एक शेवटची बाकी होती. रविवारची रंगीत पाने आगाऊ छापून ठेविली जात असल्याने ती केव्हाच तयार झालेली होती. शनिवारी, १२ फेब्रुवारीच्या रात्री, सांता रोझा येथील आपल्या घरी झोपेतच शुल्झ वारले. दुसऱ्या दिवशी सकाळी लोकांनी वर्तमानपत्र उघडले तेव्हा पहिल्या पानावर त्यांच्या मृत्यूची वार्ता होती, व आतील रंगीत पानावर घराच्या छपरावर टंकलेखनयंत्र घेऊन बसलेला स्नूपी. त्याच्या चित्राशेजारी शुल्झ यांनी वाचकांचे व संपादकांचे आभार मानून, चार्ली ब्राऊन, स्नूपी, लायनस व लूसी यांस आपण कसे विसरणार, असे लिहिले होते. आणि खाली त्यांची सही होती.